इलेक्ट्रिक गाडीचा खर्च : ॲप काय सांगते आणि वही काय सांगते

वाहनाच्या धंद्यात असलेल्या वाचकांना आमचा एक प्रश्न आहे. काल आपली गाडी किती किलोमीटर चालली आणि त्यासाठी किती रुपये खर्च झाले? पेट्रोल किंवा सीएनजीची गाडी असेल तर उत्तर चटकन मिळते. पंपावर रोख मोजून द्यावी लागते आणि खिशातून गेलेला पैसा माणूस सहसा विसरत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या मालकाचे उत्तर मात्र बहुधा असे असते : "ॲपमध्ये बघून सांगतो."

ॲपमध्ये बघण्यात काही वाईट नाही. किंबहुना पूर्वीच्या गाडीवाल्यांना जी माहिती कधीच मिळत नव्हती ती आज हातातल्या मोबाईलवर मिळते. पण ॲपवर दिसणारा रुपयांचा आकडा कोणत्या दराने काढला आहे, त्यात कोणता खर्च धरला आहे आणि कोणता सुटला आहे, हे न पाहता अनेकजण त्यावर भाड्याचा दर ठरवून मोकळे होतात. मग महिनाभर मेहनत होते, गाडी धावते, पण हाती काही उरत नाही आणि का उरत नाही तेही कळत नाही. म्हणून ॲपचा उपयोग हिशेबासाठी कसा करावा, हे आम्ही येथे आकड्यांनिशी मांडत आहोत.

हा विषय आता थोड्या लोकांपुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०१८ साली बॅटरीवर चालणाऱ्या वाहतुकीच्या वाहनांना परमिटच्या अटीतून सूट दिली. १ ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक वाहनांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये इलेक्ट्रिक वाहनांचे धोरण जाहीर केले. त्यामुळे टॅक्सी, शाळेच्या मुलांची ने-आण आणि दुकानांना माल पोहोचवणे अशा कामांसाठी हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्या आता लहान शहरांतही दिसतात. अशी गाडी घेणाऱ्याची बरीच पुंजी तिच्यात गुंतलेली असते. तिचा हिशेब अंदाजावर सोडून चालणार नाही.

ॲप कोणकोणते?

प्रथम हे समजून घ्यावे की चार्जिंगचे ॲप म्हणजे एकच वस्तू नव्हे. सर्वसाधारणपणे चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार गाडीच्या कंपनीचा. त्यात बॅटरी किती टक्के भरली आहे, चार्जिंग केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले, गाडी किती चालली, अशी माहिती मिळते.

दुसरा प्रकार चार्जिंग केंद्र चालविणाऱ्या कंपन्यांचा. टाटा पॉवरचे इझेड चार्ज हे त्यांतले एक ठळक उदाहरण. यात केंद्र कोठे आहे ते दिसते, आगाऊ पैसे भरता येतात आणि चार्जिंग संपल्यावर युनिट, दर, कर यांचे बिल मिळते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०२२ मध्ये ईव्ही यात्रा नावाचे संकेतस्थळ आणि ॲप सुरू केले, ते मुख्यतः केंद्रे शोधण्यासाठी आहे.

तिसरा प्रकार वीज कंपनीचा. महावितरणच्या ॲपमध्ये घरच्या मीटरचे बिल आणि मागील महिन्यांचा वापर पाहता येतो. गाडीशी याचा थेट संबंध दिसत नाही, पण हिशेबाच्या दृष्टीने आम्ही याला फार महत्त्व देतो. त्याचे कारण पुढे येईल.

चौथा प्रकार नोंदवहीचा. यात मालकाने स्वतः तारीख, किलोमीटर, युनिट आणि रुपये भरायचे असतात आणि ॲप बेरीज-सरासरी काढून देते. मोबाईलमधील साध्या तक्त्यावर किंवा कागदाच्या वहीतही हे काम तितकेच चांगले होते.

पहिले तीन प्रकार माहिती देतात. हिशेब चौथ्यातच होतो. ज्याने फक्त पहिल्या तिघांवर विसंबून राहायचे ठरवले त्याच्याजवळ पावत्या आहेत, पण खतावणी नाही.

युनिट एकच, मोजणी दोन ठिकाणी

विजेचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. गाडीच्या बॅटरीची क्षमता याच मापात सांगतात. २४ युनिटची बॅटरी म्हणजे ती रिकामी असताना पूर्ण भरली तर तिच्यात २४ युनिट वीज मावते.

पण येथेच पहिली गफलत होते. आपल्या घरात येणारी वीज एसी असते आणि बॅटरीत साठणारी डीसी. घरी चार्जिंग करताना हे रूपांतर गाडीतील चार्जर करतो. त्यात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. शिवाय चार्जिंग चालू असताना गाडीची काही यंत्रणा जागी असते, तीही थोडी वीज घेते. साध्या सॉकेटवर हळू चार्जिंग करताना अशी १० ते १५ टक्के घट येणे नेहमीचेच आहे. म्हणजे बॅटरीत १० युनिट गेले असतील तर मीटरवर ११ ते १२ युनिट पडलेले असतात. गाडीचे ॲप बहुधा बॅटरीत गेलेले १० दाखवते, वीज कंपनी मात्र मीटरवरच्या ११-१२ युनिटचे पैसे घेते.

बाहेरच्या डीसी फास्ट चार्जरवर हे रूपांतर केंद्राच्या यंत्रातच होते. यंत्राच्या पडद्यावर दिसणारे युनिट बहुधा रूपांतरानंतरचे असतात, म्हणून तेथे आपल्या वाट्याची घट कमी असते. घरचा दर आणि बाहेरचा दर यांची तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा.

यावर उपाय सोपा आहे. गाडीच्या सॉकेटसाठी वेगळी वायर ओढून घेताना इलेक्ट्रिशियनकडून तेथे एक लहान सब-मीटर बसवून घ्यावा. अर्थिंग आणि वायरची जाडी तपासण्यासाठी त्याला बोलवावे लागतेच, त्याच वेळी हे काम होते. यापुढे हिशेबात घ्यायचे युनिट म्हणजे सब-मीटरवरचे युनिट, ॲपमधले नव्हे. ॲपमधल्या आकड्याचा उपयोग दोहोंतील फरक पाहण्यासाठी करावा. ही घट एखाद्या महिन्यात एकाएकी वाढली तर वायर, सॉकेट किंवा चार्जर यांपैकी कोठेतरी दोष आहे असे समजून तपासणी करावी. गरम होणाऱ्या सॉकेटकडे दुर्लक्ष करू नये, त्यात आगीचा धोका असतो.

दर कोणता भरावा?

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. बऱ्याच ॲपमध्ये घरच्या विजेचा दर आपल्यालाच भरावा लागतो. माणूस बिल हातात घेतो, पहिल्या ओळीवर जो दर दिसतो तो भरतो आणि पुन्हा त्याकडे बघत नाही.

घरगुती विजेचा दर मात्र सगळ्या युनिटना सारखा नसतो. महावितरणच्या बिलात तो टप्प्याटप्प्याने वाढतो : पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. घरातील पंखे, दिवे, फ्रीज, टीव्ही हे गाडी येण्याआधीपासून आहेत, खालचे स्वस्त टप्पे त्यांनी आधीच व्यापले आहेत. गाडीची युनिट त्यांच्या वर जाऊन बसतात. म्हणून गाडीच्या युनिटना वरच्या टप्प्याचा दर लागतो.

उदाहरण घेऊ. पुढील सर्व दर व रकमा हिशेब समजावा म्हणून सोयीच्या धरल्या आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या बिलातले आकडे घालावेत. समजा, वीज शुल्क व इतर आकार धरून पहिल्या १०० युनिटना ६ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत १२ रुपये आणि ३०१ ते ५०० पर्यंत १६ रुपये पडतात. घराचा नेहमीचा वापर महिन्याला १८० युनिट आहे आणि सब-मीटरवर गाडीची २७६ युनिट आली.

गाडी नसती तर बिल असे आले असते : १०० युनिटचे ६०० रुपये आणि ८० युनिटचे ९६० रुपये, एकूण १,५६० रुपये.

गाडीसह वापर ४५६ युनिट झाला. १०० युनिटचे ६०० रुपये, २०० युनिटचे २,४०० रुपये आणि १५६ युनिटचे २,४९६ रुपये, एकूण ५,४९६ रुपये.

फरक ३,९३६ रुपये. हा गाडीचा खर्च. २७६ युनिटने भागले तर एका युनिटला १४ रुपये २६ पैसे पडले.

आता ज्याने ॲपमध्ये ६ रुपये दर भरला आहे आणि ज्याचे ॲप बॅटरीत गेलेली २४० युनिटच मोजते, त्याला घरच्या चार्जिंगचा खर्च १,४४० रुपये दिसेल. खरा खर्च ३,९३६ रुपये. ॲप खोटे बोलले नाही. त्याला जो दर दिला त्याने त्याने गुणाकार केला.

एकूण बिलाला एकूण युनिटने भागून सरासरी दर काढणारेही पुष्कळ आहेत. वरच्या उदाहरणात तो १२ रुपये ५ पैसे येतो. पहिल्या चुकीपेक्षा ही चूक लहान आहे, पण आहे चूकच. कारण त्यात घराच्या स्वस्त युनिटचा लाभ गाडीच्या खात्यात जमा होतो आणि गाडीच्या महाग युनिटचा बोजा घराच्या खात्यावर पडतो. घर आणि धंदा यांची खाती वेगळी ठेवावीत हा नियम दुकानाला आहे तसाच गाडीलाही आहे.

वेगळा मीटर परवडेल काय?

महाराष्ट्रात इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगसाठी वेगळी दरवर्गवारी आहे. तिच्यात घरगुती बिलासारखे चढते टप्पे नाहीत, मात्र स्थिर आकार द्यावा लागतो. स्वतःच्या वापराची गाडी घरच्या मीटरवर चार्ज करता येते. परंतु गाडी भाड्याने चालवणाऱ्याने कोणती वर्गवारी लागू होते हे आपल्या भागातील वीज कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. पुढे वाद झाल्यास तोंडी उत्तराचा उपयोग होत नाही.

वेगळ्या मीटरचा निर्णयही हिशेबानेच करावा. वरच्याच उदाहरणात समजा की वेगळ्या मीटरवर युनिटला १० रुपये आणि महिन्याचा स्थिर आकार ४०० रुपये आहे. २७६ युनिटचे २,७६० आणि स्थिर आकार ४००, मिळून ३,१६० रुपये झाले. महिन्याची बचत ७७६ रुपये. मीटर, वायरिंग आणि कागदपत्रांचा खर्च १२,००० रुपये आला तर तो सुमारे साडेपंधरा महिन्यांत वसूल होईल. गाडी पाच वर्षे चालवायची असेल तर हा खर्च परवडतो. गाडी महिन्याला जेमतेम ५०० किलोमीटर चालत असेल तर मात्र तितकी बचत होणार नाही. म्हणून किमान तीन महिने सब-मीटरची नोंद ठेवावी आणि मगच अर्ज करावा.

वेळेनुसार सवलत मिळते काय, हेही बिलावर पाहावे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी महावितरणने जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत जाहीर केली. ज्याची गाडी सकाळ-संध्याकाळ धावते आणि दुपारी दारात उभी असते, त्याने ॲपमध्ये चार्जिंगची वेळ ठरवण्याची सोय असल्यास तिचा फायदा घ्यावा.

बाहेरचे चार्जिंग

बाहेरच्या केंद्रावर युनिटचा दर घरापेक्षा जास्त असतो, हे सर्वांना माहीत आहे. पण ॲपच्या नकाशावर जो दर दिसतो त्यात कर धरला आहे की नाही, हे फार थोडे लोक पाहतात. २०१८ साली केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की गाडी चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे. त्यामुळे केंद्र काढण्यासाठी वीज परवान्याची गरज उरली नाही. सेवा म्हटली की जीएसटी आला. घरच्या विजेवर जीएसटी नाही, केंद्रावरच्या चार्जिंगवर तो १८ टक्के लागतो. २० रुपये दर दिसत असेल आणि कर वेगळा असेल तर युनिट २३ रुपये ६० पैशांना पडले. ५० युनिट घेतली तर १,००० ऐवजी १,१८० रुपये गेले. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांनी बिलावर आपला नंबर घालून घ्यावा आणि त्याचा लाभ मिळतो की नाही हे आपल्या हिशेबनिसाला विचारावे.

दुसरी गोष्ट वेळेची. फास्ट चार्जरवर बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत लवकर भरते, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी वेग कमी होत जातो. शेवटच्या २० टक्क्यांसाठी भाड्याची गाडी ताटकळत ठेवणे म्हणजे गिऱ्हाईक सोडणे होय. काही केंद्रांवर चार्जिंग संपल्यावरही गाडी जागेवर राहिली तर वेगळा आकार लागतो. तो चार्जिंगच्या खर्चात न मिसळता स्वतंत्र लिहावा. महिनाअखेरीस तो आकडा पाहिला की चालकालाही शिस्त लागते.

वॉलेटमधील पैसा हा खर्च नव्हे

केंद्राच्या ॲपमध्ये ५०० किंवा १,००० रुपये आगाऊ भरावे लागतात. अनेकजण भरले त्याच दिवशी ती रक्कम खर्चात टाकतात. हिशेबाच्या दृष्टीने हे बरोबर नाही. वॉलेटमध्ये भरलेली रक्कम ही दुसऱ्याकडे ठेवलेली आपली आगाऊ रक्कम आहे. चार्जिंग होऊन बिल आले म्हणजेच तिचा खर्च होतो. वहीत वॉलेटचे वेगळे पान ठेवावे : भरले किती, वापरले किती, शिल्लक किती.

चार-पाच कंपन्यांच्या ॲपमध्ये प्रत्येकी काही शे रुपये पडून असतील तर तेवढे भांडवल अडकले. लहान धंद्यात दोन हजार रुपयेही कामाचे असतात. शिवाय कंपनीच अडचणीत आली तर ते परत मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतात. एप्रिल २०२५ मध्ये ब्लूस्मार्ट या इलेक्ट्रिक टॅक्सी कंपनीने गाड्यांचे बुकिंग बंद केले तेव्हा प्रवाशांचे वॉलेटमधील पैसे अडकले होते. तेथे प्रवासी होते, येथे गाडीवाले आहेत, धडा एकच. नेहमीच्या मार्गावरील दोन केंद्रांची ॲप ठेवावीत, त्यांत आठवड्यापुरतीच रक्कम भरावी आणि शक्य असेल तेथे यूपीआयने चार्जिंगपुरतेच पैसे द्यावेत.

पैसे कापले गेले आणि चार्जिंग सुरूच झाले नाही, असेही घडते. अशा वेळी यंत्राच्या पडद्याचा आणि ॲपवरील व्यवहार क्रमांकाचा फोटो तेथेच काढावा आणि ॲपमधूनच लेखी तक्रार करावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे.

महिन्याचा ताळेबंद

आता सर्व आकडे एकत्र करू. समजा, सांगली-मिरज-कोल्हापूर या भागात २४ युनिट बॅटरीची एक भाड्याची गाडी महिन्याला २,४०० किलोमीटर चालली. घरचे चार्जिंग वरच्या उदाहरणातले आणि बाहेर ५० युनिट.

ॲपप्रमाणे : घरची २४० युनिट ६ रुपयांनी १,४४० रुपये, बाहेरचे बॅटरीत गेलेले ४८ युनिट २० रुपयांनी ९६० रुपये. एकूण २,४०० रुपये. किलोमीटरला १ रुपया.

वहीप्रमाणे : घरचे ३,९३६ रुपये, बाहेरचे करासह १,१८० रुपये. एकूण ५,११६ रुपये. किलोमीटरला २ रुपये १३ पैसे.

दुपटीहून अधिक फरक पडला. तरीही इलेक्ट्रिक गाडी महाग पडते असा याचा अर्थ नाही. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी १६ किलोमीटर देत असेल तर किलोमीटरला साडेसहा रुपये होतात. त्या मानाने २ रुपये १३ पैसे स्वस्तच. प्रश्न असा की गाडीवाल्याने भाडे ठरवताना १ रुपया धरला होता.

शिवाय वीज हा गाडीच्या खर्चाचा एक भाग झाला. समजा, गाडी ९ लाख ६० हजारांना घेतली आणि पाच वर्षांनी ती ३ लाख ६० हजारांना जाईल असा अंदाज आहे. ६ लाखांचा घसारा ६० महिन्यांत वाटला तर महिन्याला १०,००० रुपये. विमा वर्षाला ३६,००० म्हणजे महिन्याला ३,००० रुपये. टायर व देखभालीसाठी बाजूला काढायचे १,२०० रुपये. विजेचे ५,११६ रुपये मिळवले की महिन्याचा खर्च १९,३१६ रुपये झाला. यातला घसारा कोणतेही ॲप आपण होऊन दाखवत नाही. कारण तो कोणाला रोख द्यावा लागत नाही. पण पाच वर्षांनी नवी गाडी घेताना तो एकदम समोर येऊन उभा राहतो.

रिकामे किलोमीटर

अजून एक आकडा राहिला. २,४०० पैकी प्रवासी बसलेला असताना किती किलोमीटर झाले? सांगलीहून कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर. जाताना भाडे मिळाले आणि परत येताना गाडी रिकामी आली तर १०० किलोमीटरची वीज, टायर आणि घसारा त्या ५० किलोमीटरच्या भाड्यातूनच निघायला हवा. समजा, भाड्याचे किलोमीटर १,६५० भरले. मग चालकाची मजुरी न धरताच खर्च किलोमीटरला सुमारे ११ रुपये ७० पैसे येतो.

हा मालक ११ रुपये दराने भाडे घेत असेल तर महिन्याला १८,१५० रुपये मिळाले. वीज, विमा आणि देखभालीचे ९,३१६ रुपये जाऊन ८,८३४ रुपये हाती राहिले. घरात त्याला कमाई म्हणतात. पण त्यातून घसाऱ्याचे १०,००० बाजूला काढायचे होते. म्हणजे महिनाभर स्वतः गाडी चालवून मजुरी तर सुटली नाहीच, उलट १,१६६ रुपयांनी पुंजी घटली. गाडी विकत घेतली त्या दिवसापासून ती थोडी थोडी विकूनच घर चालले आहे, असा याचा अर्थ होतो.

त्याला महिन्याला १८,००० रुपये मजुरी सुटायला हवी असेल तर एकूण ३७,३१६ रुपये यायला हवेत, म्हणजे भाड्याच्या किलोमीटरला सुमारे २२ रुपये ६० पैसे. हा दर बाजारात मिळत नसेल तर काय करावे? येथे वहीचा खरा उपयोग होतो. वेगळा मीटर घेतला तर भाड्याच्या किलोमीटरमागे सुमारे ४७ पैसे वाचतात. पण त्याच २,४०० किलोमीटरपैकी भाड्याचे १,६५० ऐवजी २,००० झाले तर लागणारा दर सुमारे १८ रुपये ६६ पैशांवर येतो, म्हणजे जवळजवळ ४ रुपयांचा फरक. अर्थात युनिटमागे एक-दोन रुपये कमी असलेले केंद्र शोधत दूर जाण्यापेक्षा परतीचे भाडे मिळवणे, ठरलेली शाळेची किंवा दवाखान्याची फेरी घेणे, हे कितीतरी अधिक लाभाचे आहे. स्वस्त केंद्राच्या शोधात दहा किलोमीटर रिकामी गेलेली गाडी बचत करत नाही.

रोजची नोंद कशी ठेवावी

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पुढील क्रम पाळावा. रोज रात्री पाच मिनिटे पुरतात.

१. गाडीचे मीटर : सकाळचे किलोमीटर, रात्रीचे किलोमीटर.

२. त्यापैकी भाड्याचे किलोमीटर. चालक नोकरीवर असेल तर ही नोंद त्याच्यासमोर करावी, म्हणजे दोघांच्याही मनात शंका राहत नाही.

३. घरच्या सब-मीटरचे आकडे.

४. बाहेरचे चार्जिंग : केंद्र, युनिट, करासह रक्कम, जागा अडवल्याचा आकार असल्यास तो वेगळा.

५. टोल व पार्किंग. २०२५ च्या राज्य धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफीची तरतूद आहे. अटल सेतूवर तिची अंमलबजावणी २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. तरीही फास्टॅगमधून प्रत्यक्ष किती कापले गेले हे ॲपमध्ये पाहून लिहावे. माफी असताना पैसे कापले गेले तर परत मागण्यासाठी हीच नोंद कामी येते.

६. महिन्याच्या शेवटी वीज बिल आले की गाडीची युनिट वरच्या टप्प्यातून मोजून खरा दर काढावा आणि तोच पुढील महिन्यासाठी ॲपमध्ये भरावा. उन्हाळ्यात घरात कूलर लागला की हा दर बदलतो, म्हणून दर महिन्याला तो नव्याने काढावा.

याशिवाय महिन्यातून एकदा बॅटरी १०० टक्के भरून, नेहमीच्या रस्त्यावर गाडी किती टक्क्यांत किती चालली हे लिहून ठेवावे. अनेक कंपन्या बॅटरीची ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत हमी देतात. पण भाड्याच्या गाडीसाठी अटी वेगळ्या असू शकतात, त्या हमीपत्रातच वाचाव्यात. बॅटरी लवकर खालावली असा दावा करायचा झाल्यास तारखेनिशी केलेली नोंद तोंडी सांगण्यापेक्षा वजनदार ठरते. गाडी विकतानाही अशी वही दाखवणाऱ्याला गिऱ्हाईक विश्वासाने दोन पैसे अधिक देते. ॲपमधील माहितीवर मात्र यासाठी विसंबू नये. फोन हरवला, खाते बंद झाले किंवा कंपनीने ॲप बदलले तर जुनी माहिती मिळेलच असे नाही. दर महिन्याला ती उतरवून घ्यावी.

ज्या वाचकांकडे अशी गाडी आहे त्यांनी येत्या १ तारखेला एक वही आखावी, गाडीचे आणि सब-मीटरचे आकडे लिहावेत आणि तीन महिने नेमाने नोंद करावी. पहिल्या महिन्यात ॲप आणि वही यांतला फरक कळेल. दुसऱ्या महिन्यात तो कोठून येतो हे कळेल. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस भाडे किती घ्यावे, कोणती फेरी सोडावी आणि वेगळा मीटर घ्यावा की नाही, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही. जे गाडी घेण्याच्या विचारात आहेत त्यांनी शोरूममध्ये सांगितला जाणारा किलोमीटरमागचा खर्च ऐकावा, पण सही करण्याआधी स्वतःच्या घरचे वीज बिल समोर ठेवून वरचा हिशेब एकदा मांडून पाहावा.